अनुभव धागा: जोडीदाराला डिमेन्शिया, आणि अंग पार्किन्सनसारखं आखडलेलं

मी फोंड्याची. हे 72 वर्षांचे, शाळामास्तर होते. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, निदान झालं: लेवी बॉडी डिमेन्शिया. यांचं विसरणं आणि हातपाय आखडणं एकाच वर्षात सुरू झालं. पार्किन्सन आधी बरीच वर्षं असतं आणि विसरणं मागाहून आलं असतं, तर दुखण्याचं नाव वेगळं पडलं असतं, असं डॉक्टरांनी समजावलं. खरी सुरुवात त्याच्याही आधीची. कितीतरी वर्षं हे झोपेत ओरडायचे, लाथा मारायचे. स्वप्न पडलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं.

गेल्या चवथीला गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधून झाली होती. हे खुर्चीत, नजर माटोळीखाली. म्हणाले, "भुरग्यांक नेवऱ्यो दी." मुलांना करंज्या दे. तिथे कोणीच नव्हतं. त्याआधी वर्षभर मी "कोणी नाही हो, नीट बघा" म्हणून वाद घालत आले आणि हे रडकुंडीला येत राहिले. त्या दिवशी ताटलीत दोन नेवऱ्या घातल्या आणि खाली नेऊन ठेवल्या. यांनी ताटलीकडे बघितलं, मान हलवली आणि मुकाट्याने जेवले. तेव्हापासून मी वाद सोडला. मुलं दिसून यांना भीती वाटत नसेल तर मीही त्यांना घरात राहू देते.

ज्यांच्या घरी असं आहे त्यांनी लिहा. उपाय सापडला नसेल तरी लिहा.

म्हापशाहून, पती
ताई, एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. हिला रात्री भास फार वाढले, ती घाबरून किंचाळत होती, म्हणून एका इस्पितळात नेली. तिथे शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. सकाळी ही लाकडासारखी ताठ. चार दिवस पेजसुद्धा गिळेना, चमच्याने दिली तर ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. या दुखण्यात असली औषधं माणसाला फार वाईट बाधू शकतात, जिवावरही बेततं, हे मला नंतर आमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून कळलं. मी दोष कोणावर ठेवत नाही, पण ते चार दिवस विसरताही येत नाहीत. आता हिच्या फाइलीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने निदान आणि त्या औषधाचं नाव लिहून ठेवलंय. नव्या डॉक्टरसमोर आधी ते पान उघडतो.

साखळीहून, पत्नी
आमचे उंबरठ्याशी अडकतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि ओढलं की पडतात. फिजिओथेरपिस्ट मुलीने सोप्यापासून न्हाणीपर्यंत जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या मारायला सांगितल्या. "ही पट्टी ओलांडा" म्हटलं की पाय उचलतो. सगळ्यांचा उचलेल असं नाही.
आखडणं कमी करणारी लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास देते. मासळी-डाळीबरोबर दिली तर तेवढी लागत नाही. डोस वाढवला तेव्हा चालणं सुधारलं, पण भिंतीवर किडे दिसायला लागले, म्हणून डॉक्टरांनी परत कमी केला. एका बाजूने ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. आणि उठताना घाई नको. यांचा रक्तदाब उभं राहताच खाली जातो, म्हणून आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसवते.

मडगावहून, पत्नी
माझे म्हणतात, "तू माझी बायको नव्हे, तिच्यासारखी दिसतेस." 38 वर्षांचा संसार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा न्हाणीत जाऊन रडले. आता मागच्या दाराने बाहेर पडते, विहिरीला वळसा घालून पुढच्या ओसरीतून, बाल्कांवातून, हाक मारत आत येते. "खंय आशिल्ली गो?" कुठे होतीस, विचारतात. कधी जमतं, कधी नाही.

पर्वरीहून, पती
रात्र रात्र झोप नाही अशा सगळ्यांसाठी लिहितोय. आपल्याच बार्देश आणि तिसवाडीत डिमेन्शियाच्या 81 कुटुंबांचा अभ्यास झाला होता, 2008 साली प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण घेतलेली माणसं घरी जाऊन सांभाळणाऱ्याला समजावत, धीर देत. त्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. मी स्वतः मदत मागायला दोन वर्षं लावली, बायकोचं करायला माणूस कशाला ठेवायचा म्हणून. एक दिवस तिच्यावर हात उगारला. लागला नाही, पण उगारला. दुसऱ्याच दिवशी तिच्या बहिणीला फोन केला. आता आठवड्यातून दोन दुपारी ती येऊन बसते आणि मी झोपतो.

डिचोलीहून, पती
मला मोठं लिहिता येत नाही. ही आठ दिवस एक शब्द बोलली नव्हती. आज सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला आणि ही खाटेवरून स्वच्छ आवाजात म्हणाली, "दोन उंडे चड घे." दोन पाव जास्त घे. दुपारी पुन्हा गप्प. उंडे घेतलेत, चहात बुडवून भरवतोय.