सर्व्हिक्स २१ मिमी, पहिलटकरीण: टाका, कॅप्सूल की नुसतं निजून राहायचं?

दांडियाबाजार_धाकटी
जावेच्या सोनोग्राफीत आलंय: २० आठवडे ५ दिवस, एकच बाळ, वाढ ठीक, सर्व्हिक्स (पिशवीचं तोंड) २१ मिमी, फनेलिंग (आतलं तोंड नरसाळ्यासारखं उघडणं) नाही. आधी गर्भपात किंवा पिशवीच्या तोंडाचं ऑपरेशन झालेलं नाही. डॉक्टरांनी २०० मिग्रॅ प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवणारं संप्रेरक) कॅप्सूल रोज रात्री आतून ठेवायला सांगितलीय, आठवड्याने परत बोलावलंय. सासूबाई म्हणतात टाकाच घालून घ्या, वन्स म्हणतात पायांखाली उशा घेऊन पडून राहा. त्यात सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण पुण्याला ठरलंय. काय धरायचं, काय सोडायचं?

सुरसागर_सोनो
आधी २१ हा आकडा कसा काढला ते विचारा. पोटावरून काढलेल्या मापावर उपचार ठरवू नयेत. त्या तपासणीला लघवी तुंबवून बसवतात, आणि भरलेलं मूत्राशय सर्व्हिक्सला दाबून लांब दाखवतं.

माप आतूनच घ्यायचं, लघवी करून आल्यावर. प्रोब (सोनोग्राफीची दांडी) टेकवायचा आणि किंचित मागे घ्यायचा. पडद्यावर सर्व्हिक्सचे पुढचा-मागचा दोन्ही ओठ सारखे जाड दिसले की बरोबर. पुढचा पातळ दिसला तर प्रोब दाबला गेलाय, आणि दाबाने लांबी वाढून येते. आतलं तोंड ते बाहेरचं तोंड एवढंच मोजतात. फनेल असेल तर तो सोडून फक्त बंद भाग. ३ ते ५ मिनिटं थांबून तीन मापं घ्यावीत आणि नीट आलेल्यांपैकी सर्वांत लहान लिहावं. अर्ध्या मिनिटात आटोपलेल्या तपासणीवर माझा भरवसा नाही. पिशवीचा खालचा भाग तेवढ्यात आकसला असेल तरी चित्र फसवं येतं.

माप खरं असेल तर २४ आठवड्यांच्या आत २५ मिमीच्या खाली म्हणजे आखूड, आणि वेळेआधी बाळंत होण्याचा धोका जास्त.

रावपुरा_फार्मा
कॅप्सूल योग्यच दिलीय. पाच चाचण्यांचा डेटा एकत्र करून २०१८ मध्ये विश्लेषण छापून आलं: एकच बाळ, सर्व्हिक्स २५ मिमी किंवा कमी. ३३ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्या, प्रोजेस्टेरॉन न घेणाऱ्यांत १०० मध्ये २२ होत्या, आतून प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत १४. म्हणजे हमी नाही, पण फरक खरा.

चुका कुठे होतात? आपल्याकडे तीच कॅप्सूल गिळायलाही देतात, त्यामुळे चिठ्ठी नीट न वाचता बायका ती पाण्याबरोबर घेऊन टाकतात. मग यकृतातच बरंचसं औषध संपतं, वर गुंगी आणि चक्कर. हात धुऊन, झोपायच्या वेळी, बोट जाईल तितकी आत ठेवायची. सकाळी पांढुरकं तेलकट काही बाहेर आलं तर ते कॅप्सूलचंच अवशेष, घाबरू नये. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं; अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बडोद्याच्या मे महिन्यात पाकीट स्कूटरच्या डिकीत ठेवाल तर एकमेकांना चिकटलेला गोळा हाती येईल. ३६ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवतात.

कोणी दर आठवड्याच्या प्रोजेस्टेरॉन इंजेक्शनचं सुचवलं तर: त्यातलं एक अमेरिकेत २०२३ मध्ये बाजारातून काढलं, कारण मोठ्या चाचणीत उपयोग दिसला नाही.

कमाटीबाग_ओटी
टाक्याचं. सासूबाईंना सांगा, हा टाका मूळ आपल्याच माणसाचा. गोव्यात जन्मलेल्या, मुंबईत काम केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी तो १९५५ मध्ये मांडला. मॅकडोनाल्डचा सोपा प्रकार १९५७ चा. बटव्याची नाडी ओवतात तसा सर्व्हिक्सभोवती न विरघळणारा धागा ओवून आवळायचा, शेपूट लांब ठेवायची म्हणजे ३६-३७ व्या आठवड्यात काढताना सापडते.

पण तो सर्रास घालायचा नसतो. खरा फायदा पूर्वी लवकर बाळंत झालेल्या किंवा दुसऱ्या तिमाहीत गर्भ गेलेल्या बाईला, सर्व्हिक्सही आखूड असेल तेव्हा. पहिलटकरणीला २१ मिमीवर आधी औषध. आठवड्याने, निदान पंधरवड्याने माप, २४ आठवड्यांपर्यंत. १० मिमीच्या खाली गेलं किंवा तोंड उघडून बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा पडदा दिसू लागला, तर टाक्याची चर्चा नव्याने. कळा, रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा पाणी गेलेलं असताना टाका घालत नाहीत.

निजून राहण्याचा उपयोग सिद्ध नाही, आणि पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. जड उचलणं, तासन्‌तास उभं राहणं टाळा. बाकी चालतं-फिरतं राहा. जुळं असतं तर हिशेब वेगळा असता.

दांडियाबाजार_धाकटी
आणि पुणं?

कमाटीबाग_ओटी
डोहाळजेवण बडोद्यातच करा. गाडीच्या धक्क्याने तोंड उघडत नाही. अडचण अशी की कळा वाटेत सुरू झाल्या तर नवजात बाळांचा आयसीयू जवळ नसतो. ३४ आठवड्यांआधी प्रसूती होईल असं वाटलं तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला बेटामेथासोन १२ मिग्रॅ, २४ तासांनी पुन्हा १२, किंवा डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ दर १२ तासांनी चार वेळा देतात. ३२ आठवड्यांआधी मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही. हे सगळं वेळेत मिळायला हवं.

पोट ठरावीक अंतराने घट्ट होणं, कंबरेत येऊन-जाऊन दुखणं, खाली जड दाब, पाण्यासारखा स्राव, रक्ताचा डाग: यांपैकी काहीही झालं तर रात्रीसुद्धा निघा. ओलसरपणा कॅप्सूलचा की पाण्याचा, हे घरी ठरवत बसू नका. पॅड भिजतंय म्हणजे कॅप्सूल नाही.

दांडियाबाजार_धाकटी
एखाद्या रात्री कॅप्सूल राहिली तर?

रावपुरा_फार्मा
आठवेल तेव्हा ठेवा. दुसऱ्या रात्रीची वेळ जवळ आली असेल तर एकच, दोन नाहीत.