मदत हवी आहे: शोधाच्या ग्रुपवरचे तर्कवितर्क कसे थांबवू?

शेजारचा चार वर्षांचा मुलगा दुपारपासून सापडत नाहीये. पोलिसांत लगेच कळवलं (चोवीस तास थांबा म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका). कपाटं, पलंगाखाली, गाड्यांच्या डिक्या, पाण्याच्या टाक्या दोनदोनदा पाहिल्या. एवढी लहान मुलं घाबरली की हाकेला ओ देत नाहीत. दाराशी त्याची एक चप्पल उलटी पडलीये, ती सरळ करायला कुणी धजत नाही.

आणि ग्रुपवर सुरू झालंय, ‘आई रडत कशी नाही?’ तिच्या हातातही फोन आहे हो, ती वाचतेय! ऑस्ट्रेलियात १९८० साली लिंडी चेंबरलेन यांचं तान्हं बाळ डिंगोनं (तिथल्या रानकुत्र्यानं) नेलं. त्या पुरेशा रडल्या नाहीत म्हणून लोकांनी संशय घेतला, पुढे जन्मठेपही झाली. मृत्यू डिंगोमुळेच झाला हे अधिकृतपणे मान्य व्हायला २०१२ उजाडलं.

अशा शोधात कुणी काम केलंय का? ग्रुपवर फक्त ॲडमिननं लिहायचं असं केलं, तर खरंच काही पाहिलेला माणूस गप्प बसेल का? अंदाज पसरवणाऱ्यांना सगळ्यांसमोर टोकू की वेगळा फोन करू? प्लीज, लवकर सांगा.