खिडकी एक, शब्द दोन

‘डिफेनेस्ट्रेशन’ हा शब्द कुणीतरी गंमत म्हणून पाडला असावा, ही शंका रास्त आहे. माणसाला खिडकीतून फेकून देण्यासाठी स्वतंत्र शब्द कशाला लागावा! पण त्यामागे खरंच फेकाफेकी झाली आहे. लॅटिनमध्ये ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी, आणि ‘डे’ म्हणजे ‘तिथून खाली’.

२३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यात चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कॅथलिक कारभारी आणि त्यांचा चिटणीस यांना खिडकीबाहेर लोटलं. उंची साधारण २१ मीटर, तरी तिघेही वाचले! देवदूतांनी झेललं, असं कॅथलिक म्हणाले. उकिरड्यावर पडले, असं विरोधकांनी पसरवलं. चिटणीस फाब्रिसियसला पुढे सरदारकी मिळाली, किताबाचा अर्थ चक्क ‘उंच पडझडीचा’. (किताब देणाऱ्याला विनोदबुद्धी होती म्हणायची.) या फेकाफेकीतूनच युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. प्रागमध्ये १४१९ सालीही असाच प्रकार झाला होता.

मला मात्र याहून मजेशीर वाटतो तो साधा ‘विंडो’. जर्मन ‘फेन्स्टर’ आणि फ्रेंच ‘फनेत्र’ थेट ‘फेनेस्ट्रा’चे वंशज, इंग्रजीतही ‘फेनेस्टर’ काही काळ नांदला, पण टिकला ‘विंडो’. तो आला जुन्या नॉर्समधल्या (म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या) ‘विंडआउगा’वरून, म्हणजे ‘वाऱ्याचा डोळा’. आता आपला ‘गवाक्ष’ फोडून बघा: गो अधिक अक्ष, बैलाचा डोळा! आणि वारा हवाच असेल, तर ‘वातायन’ आहेच.