गेम जॅमला रोख बक्षीस ठेवावं का? (सांगली, वर्ष दुसरं)

हरिपूरकर
दिवाळीनंतर आमच्या गटाने सांगलीत पुन्हा गेम जॅमचा, म्हणजे दिलेल्या विषयावर ठरलेल्या वेळात व्हिडिओ गेम बनवायच्या मेळाव्याचा, घाट घातलाय. शुक्रवारी संध्याकाळी 6 ला थीम जाहीर होणार, रविवारी 6 ला गेम जमा. इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) कुठलंही चालेल. आमच्यातले बरेच जण गोदो वापरतात, फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. इथवर एकमत. भांडण आहे ते बक्षिसाचं.

गेल्या वर्षी एका दुकानदाराने पहिल्या नंबराला 15 हजार दिले. नावं 14 संघांनी दिली आणि गेम जमा झाले 5. शनिवारी रात्री शेजारच्या टेबलावर डोकावून "आपला काय नंबर येत नाही" म्हणत पोरं उठून गेली. वर पहिला आलेला गेम विकतच्या टेम्प्लेटला, म्हणजे तयार गेमच्या साच्याला, रंग फासून केलेला निघाला, तेही महिन्याभराने कळलं. लुडम डेअर हा ऑनलाइन गेम जॅम 2002 पासून चालू आहे, तिथे रोख बक्षीस नसतं. एकमेकांचे गेम खेळायचे, गुण द्यायचे, आपला गेम घेऊन घरी जायचं. यंदा रोख नको, असं माझं मत. बोला.

मिरजेचा तंबोरा
लुडम डेअरचं माप सांगलीला लावू नकोस. तिथे जगभरातले लोक आपापल्या घरी बसून करतात. इथे विट्याहून, जतहून पोरगं यष्टीने येणार. घरी काय सांगेल? "गेम करायला चाललोय" म्हटलं की वडील म्हणतात, परीक्षा तोंडावर आणि हा खेळायला निघाला. "स्पर्धा आहे, बक्षीस आहे" म्हटलं की सोडतात तरी.

आणि नाट्यपंढरी म्हणून मिरवतो ना आपण? विष्णुदास भाव्यांचं 1843 चं 'सीतास्वयंवर' चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने उभं राहिलं. पैसा विटाळतो म्हणणारा कलावंत निदान या गावात तरी झाला नाही.

हरिपूरकर
तूच माझं काम सोपं केलंस की. राजेसाहेबांनी पैसा घातला तो नाटक उभं राहावं म्हणून, नंबर काढायला नव्हे. तेच 15 हजार जेवण, वायफाय, जनरेटर आणि विट्याच्या पोराच्या तिकिटाला घालू.

विंगेतली
मी गेल्या वर्षीच्या पाचातली एक. त्याआधी तीन वर्षं एकांकिका स्पर्धांना प्रकाशयोजना केली, त्यामुळे करंडकाचं वावडं मला नाही. करंडक नसता तर आमच्या निम्म्या तालमी झाल्याच नसत्या. पण तिथे हरलो तरी परीक्षक काय बोलतात ते ऐकायला थांबायचो. कुठे पकड सुटली, कुठला प्रवेश लांबला, ते कळायचं.

इथे काय झालं ते सांगते. थीम होती 'चढतं'. आम्ही पुराचा गेम केला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर म्हणजे इशारा, तिथून सुरुवात. 45 ला धोका. तेवढ्या वेळात घरातलं सामान माळ्यावर न्यायचं, एका खेपेला एकच वस्तू. गॅस सिलिंडर, दप्तर, देव, शिलाई मशीन. सिलिंडर नेला की चाल मंदावते, देव खालीच ठेवून आलात तर आजी बोलायची बंद होते. पाणी 57 फुटांवर गेलं की खेळ संपतो, कारण 2019 ला तिथवर चढलेलं आम्ही पाहिलंय. चित्रं काढायला वेळच उरला नाही, सगळे नुसते चौकोन. परीक्षकांनी तीन मिनिटं खेळून विचारलं, "ग्राफिक्स कुठंय?" आणि पुढच्या टेबलावर गेले.

बक्षीस ठेवा नाहीतर काढा. तीन मिनिटांत गेम जोखणारा परीक्षक तेवढा काढा.

वाळव्याचा गडी
तुमचं बक्षिसावरच अडलंय. दोन रात्री हॉलवर मुक्काम म्हटलं की किती मुली येतील? ग्लोबल गेम जॅम 48 तासांचा असायचा म्हणून आपणही तेवढाच धरायचा काय? लुडम डेअरमध्येच संघांना 72 तास देतात. जेएस13के ही ऑनलाइन स्पर्धा तर अख्खा महिना देते, फक्त गेम 13 किलोबाइटमध्ये बसवायचा. घरून करू द्या, रविवारी खेळायला सगळे या. जागरणाचं कौतुक पुरे.

मिरजेचा तंबोरा
घरून म्हणजे टेम्प्लेटवाल्यांना रान मोकळं.

वाळव्याचा गडी
ते हॉलवर बसूनही झालंच की हो. सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅम, जमा करायला लावा. लुडम डेअरच्या एकट्याने करायच्या गटात तो द्यावाच लागतो.

हरिपूरकर
सोर्स कोडचं पटलं, घेतो. परीक्षकही नकोत, प्रत्येक संघाने बाकीच्या सगळ्यांचे गेम पंधरा-पंधरा मिनिटं खेळायचे. 'सर्जन सिम्युलेटर' 2013 च्या ग्लोबल गेम जॅममध्ये 48 तासांत झाला, 'बाबा इज यू' 2017 च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये. दोन्ही नंतर पुरे करून विकले. पैसा तिथे आहे, रविवारच्या पाकिटात नाही.

मिरजेचा तंबोरा
हजारात दोन नावं सांगितलीस. उरलेल्यांच्या हातात काय, प्रमाणपत्र? मी अजून 'रोख हवं' याच बाजूला. आणि त्या दुकानदाराला फ्लेक्सवर 'प्रथम पारितोषिक' आणि स्वतःचा फोटो पाहिजे. 'जेवण आणि तिकीट खर्च सौजन्य' लिहिलेलं त्याला चालेल का, ते तूच विचारून ये.

वाळव्याचा गडी
@विंगेतली, तुमचा पुराचा गेम काल खेळलो. शेवटी आजी माळ्यावरून खाली उतरतच नाही. ते मुद्दाम केलंय का?

विंगेतली
बग आहे हो. शिडी उतरायचं ॲनिमेशन राहिलं आणि 6 वाजले. खेळणाऱ्या दोघी-तिघी तिथेच गप्प बसल्या, म्हणून मग तसाच ठेवला.