मदत हवी आहे: बालकल्याण समितीच्या आदेशानं मामाकडं आलेल्या मुलीला शाळेत घ्यायला तयार नाहीत (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा, कर्नाटक)

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझी नणंद चैत्रात वारली. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वीच घर सोडून गेला, कुठं आहे कुणाला पत्ता नाही. ती लेकीला घेऊन कोल्हापूर जिल्ह्यात भाड्याच्या खोलीत राहायची. आम्हाला कळायला दोन दिवस गेले. तोवर शेजाऱ्यांनी १०९८ ला (मुलांच्या मदतीचा नंबर) फोन लावला होता आणि पोरीला बालगृहात नेलं होतं. त्या शेजाऱ्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आठ वर्षांची पोर त्या खोलीत एकटी राहिली असती.

मग चौकशी झाली, घरी येऊन पाहणी झाली, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात बालकल्याण समितीनं तिला तिच्या सख्ख्या मामाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, ताब्यात दिलं. आदेशात ‘योग्य व्यक्ती’ म्हणून ह्यांचं नाव आहे. शिक्का आहे, सह्या आहेत.

तिसरीत घालायचं म्हणून जवळच्या अनुदानित मराठी शाळेत गेलो. मुख्याध्यापक माणूस वाईट नाहीत. बसायला खुर्ची दिली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. पण म्हणाले, वडिलांची सही आणा नाहीतर त्यांचा मृत्यूदाखला आणा. आदेश दाखवला तर म्हणाले, हा महाराष्ट्राचा, इथं चालत नाही, बेळगावच्या कोर्टातनं पालकत्वाचा कागद करून आणा. वर जुन्या शाळेचा दाखला हवाच. जुनी शाळा म्हणते, दाखल्यासाठी आई किंवा वडिलांनीच अर्ज करायचा. आता आई कुठनं आणू? सीमेची भांडणं आपल्या पाचवीलाच पुजलेली आहेत, पण ती आठ वर्षांच्या पोरीच्या दप्तरापर्यंत येतील असं वाटलं नव्हतं.

बाहेर पडताना तिथल्याच एकानं हळूच सुचवलं, “मामाचंच नाव वडील म्हणून लावा की. कोण विचारतंय?”

हे पोरीनं ऐकलं. घरी आल्यावर वहीवर नाव घालत बसली होती. स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढं पेन्सिल थांबली. मला विचारते, “मामी, पूर्ण नाव लिहू की अर्धंच?” मी म्हटलं, पूर्ण लिही. तिनं बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि खाली कुणी न सांगता आईचं नाव लिहिलं.

त्या दिवसापासून मी ठरवलंय की खोटं नाव लावायचं नाही. पण इथल्या शाळा जूनच्या सुरुवातीलाच भरल्यात, श्रावण तोंडावर आला, आणि ही रोज दारात उभी राहून शेजारच्या पोरांची रिक्षा बघते. आमच्याकडचा आदेश शाळेला पुरतो का? कोर्टात जावंच लागेल का? आणि दाखल्याशिवाय तिला वर्गात बसवता येईल का? कोल्हापूरचे पाहुणे म्हणतात अनाथ प्रमाणपत्र काढा. शेजारी म्हणतात आरटीईतनं (शिक्षणहक्क कायद्याच्या राखीव जागेतनं) खासगी शाळेत घाला. माझं डोकं चालेनासं झालंय.

(गाव आणि शाळा मुद्दाम सांगत नाही. अशा मुलांची ओळख उघड करायची नाही असं समितीत बजावलंय.)

चिक्कोडीच्या बाई:
ताई, मी निवृत्त मुख्याध्यापिका. आधी दाखल्याचं सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम ५ बघा. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलालाही सरकारी आणि अनुदानित शाळेत बदली मागायचा हक्क आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जुन्या शाळेनं तो ताबडतोब द्यायचा असतो. टाळाटाळ केली तर त्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जन्मदाखला नसेल तर कलम १४ आहे, वर्ष सुरू झालं असेल तर कलम १५ आहे. दोन्हीत प्रवेश नाकारायला मनाई आहे.

तोंडी बोलत बसू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि प्रत बीईओंच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) कार्यालयात द्या. नाकारायचं असेल तर लेखी नाकारा म्हणावं. बहुतेक वेळा तिथंच गाडी हलते.

आणि मामाचं नाव वडील म्हणून लावू नका, हे तुमचं अगदी बरोबर आहे. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. जन्मदाखल्यावर एक वडील, शाळेच्या रजिस्टरला दुसरे. दहावीच्या तोंडावर पोर अभ्यास सोडून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती.

टिळकवाडी वकील:
वहिनी, आदेश महाराष्ट्रातला असला तरी कायदा केंद्राचाच आहे, बाल न्याय अधिनियम २०१५. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, त्यामुळं तो कागद साधी चिठ्ठी नव्हे. शिवाय शिक्षणहक्क कायद्यातली ‘पालक’ची व्याख्या वाचून दाखवा. ज्याच्याकडं मुलाची देखभाल आणि ताबा आहे तो पालक. कोर्टानं नेमलेला त्यात येतोच, पण तोच हवा असं कुठंही म्हटलेलं नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्व घ्यायची वेळ उद्या मुलीच्या नावच्या मिळकतीचा वगैरे प्रश्न आला तर येईल. तिसरीच्या प्रवेशाला त्याची गरज नाही.

एक ध्यानात ठेवा, मुलगी दत्तक दिलेली नाही. ताबा मामाकडं आला म्हणून तिचं नाव, आईबापाशी नातं, वारसा यातलं काहीही बदलत नाही. फॉर्मवर वडिलांच्या जागी वडिलांचंच नाव, पालकाच्या जागी मामाचं नाव आणि सही.

आदेशाचं कन्नड भाषांतर करून घ्या. एक प्रत बेळगावच्या बालकल्याण समितीकडं, एक जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडं. तिथंच मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतल्या प्रायोजकत्वाचा (मुलाच्या खर्चासाठी दरमहा मदतीचा) अर्ज मागा. नातेवाइकांकडं राहणाऱ्या मुलांसाठी महिना ४,००० रुपये आहेत, खेडेगावात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत असेल तर. अनाथ प्रमाणपत्राचं १ टक्का आरक्षण महाराष्ट्र सरकारचं, इकडच्या शाळेत त्याचा उपयोग नाही. आणि आरटीईची २५ टक्क्यांची जागा शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच मिळते, तिसरीला नाही. त्यातही कर्नाटकात २०१९ पासून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ते बंधन राहिलेलं नाही.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी):
बाई, दादा, तुम्ही दोघांनी लिहिलेलं छापून घेऊन गेले. लेखी अर्ज दिला, पोच मागितली. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून ‘पालक’ची व्याख्या दोनदा वाचली, मग बीईओ ऑफिसला फोन लावला. परवापासून पोर वर्गात बसतेय. रजिस्टरला तिचं पूर्ण नाव आहे, आईचं पण आहे. पालक म्हणून ह्यांनी सही केली तेव्हा ह्यांचा हात थरथरत होता.

सॅट्स नंबरचं (कर्नाटकात शाळेतल्या मुलांना मिळणाऱ्या सरकारी नंबरचं) काम दाखला आल्यावर करू म्हणालेत. जुन्या शाळेला रजिस्टरनं पत्र धाडलंय, सोबत आदेशाची प्रत जोडलीय. कन्नडची धास्ती होती, पण शेजारची चौथीतली मुलगी रोज संध्याकाळी हिला कट्ट्यावर बसवून ‘अ आ इ ई’ गिरवून घेते.

आता प्रायोजकत्वाच्या अर्जाला बसलोय. बँकेत खातं मुलीच्या नावावर उघडताना आधारवरचा पत्ता अजून जुन्या खोलीचा आहे. तो आधी बदलायचा की आदेशावर भागतं? खानापुरात कुणी केलं असेल तर कृपया सांगा.