गाऱ्हाणं घालताना नेमकं काय होतं? (अनुभव धागा)

माडाखाली: बाजारात कवंडळं (रानफळं) दिसली, ती जिला बांधतात ती माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची लाकडी चौकट आठवली, म्हणून धागा. श्रद्धेने जगण्याला अर्थ येतो का, यावर लिहा, पण हातातल्या कामासकट. आपल्या कोकणातलं गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. त्यात मागण्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. विडा-नारळ पुढे ठेवून आधी ग्रामदेवता, मग राखणदार, कुलदेवता, घराण्याचा मूळपुरुष. त्यानंतर घरातले, मुंबईला असलेले, गुरंढोरं. शेवटी चुकीमाकी पोटात घालायची विनंती. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांचं 'होय महाराजा' हवंच. एकट्याने पुटपुटलं तर ती प्रार्थना, गाऱ्हाणं नव्हे. आपण कोणाचे कोण, हे वर्षातून एकदा मोठ्याने ऐकू येतं. अर्थ म्हणतात तो मला तिथे दिसतो.

तळकोकणी: होय म्हाराजा 😀 सासरी गेलेल्या मुलींची नावं गाळू नका हां, नाहीतर चहाच्या वेळी दुसरं गाऱ्हाणं सुरू होतं.

पोफळीची बाग: माटवीचं सांगते. नारळ नि सुपारीचा शिपटा (घोस) चौकटीच्या सांध्यालाच बांधा, मधल्या पट्टीला नको, ती वाकते आणि सगळं मूर्तीच्या डोक्यावर. सुतळी ओली करून गाठ मारली की सुटत नाही. आंब्याचे टाळ (डहाळ्या) आदल्या संध्याकाळी. तीन दिवस आधी बांधले तर चतुर्थीला नुसता पाचोळा.

खाडीपलीकडचा: देवळात जातो, पण जरा थंड डोक्याने बघतो. कौल घ्या, म्हणजे देवाला विचारून उत्तर घेणं. मूर्तीला ओल्या कळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची तर नकार. पाणी जास्त झालं की कळी लगेच घसरते, म्हणून जाणता गुरव निथळून लावतो. प्रश्न एकाच उत्तराचा हवा. 'जमीन विकू का आणि कोणाला' असं विचारलं की घोळ. मला यात देवाचं बोलणं ऐकू येत नाही, पण कळी पडेपर्यंत भांडणारे गप्प बसतात, तेवढा वेळ मोलाचा.

माडाखाली: मान्य नाही, पण निथळण्याचं बरोबर 🙂

शिमग्याचा ढोल: आंगणेवाडीच्या जत्रेला पंचांगातली तिथी नाही, भराडीदेवीच्या कौलाने तारीख निघते. ती फुटली की मुंबईत रजेचे अर्ज आणि तिकिटांची धावाधाव. तिथे अर्थ वगैरे कोणी विचारत नाही. पालखीचंही तसंच. उंची जुळणारी जोडी लावा, दांडी मानेवर नको, खांद्यावर पंचाची घडी ठेवून घ्या. ताल ढोलाकडून घ्यायचा, पुढच्याच्या पायांकडे बघून नाही. एकजण दमला की पालखी तिरकी होते, म्हणून बदली माणूस शेजारीच हवा. आणि मानावरून कज्जे होतात तेही लिहा ना कोणीतरी! अर्थ देणारा मानच कोर्टात नेतो.

उकडीची मावशी: मधेच विचारते, मोदक फुटतात, काय करू?

पोफळीची बाग: मावशी, वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चमचाभर तूप, चिमूट मीठ. उकळीत पिठी घालून ढवळा, दोन-तीन मिनिटं झाकण, मग गरम असतानाच मळा. गार उकड चिरते. पात्रात ठेवण्याआधी मोदक पाण्यात बुडवून काढा, दहा-बारा मिनिटं वाफ.

उकडीची मावशी: पिठी जुनी चालेल?

पोफळीची बाग: नको. उकडीला चिकटपणा येत नाही. खाली हळदीचं पान घाला.

तळकोकणी: देवाचा विषय होता ना? पत्ता पाठवा, येतोय.