पीएचपी: जिल्हे-तालुक्यांची यादी दर रिक्वेस्टला डेटाबेसमधूनच आणायची का?

घाटमाथा:
आमच्या फॉर्मवर जिल्हा निवडला की तालुके येतात. यादी मायएसक्यूएलमध्ये. क्वचितच बदलते, तरी पान उघडलं की तीच क्वेरी पुन्हा. स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवून बघितली, तर पुढच्या रिक्वेस्टला रिकामी. जावात असं होत नसे. पीएचपी ८, एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस चालू ठेवणारा मॅनेजर), एकच सर्व्हर. रेडिस (डेटा मेमरीत कॅश करून पटकन देणारी वेगळी सर्व्हिस) टाकू का?

रात्रपाळी:
पीएचपीत प्रत्येक रिक्वेस्ट कोरी पाटी घेऊन येते. एफपीएमची प्रोसेस तीच असली, तरी रिक्वेस्ट संपली की व्हेरिएबल पुसली जातात. जावाची सवय सोडा.

रेडिस उत्तम आहे, पण ३६ जिल्ह्यांसाठी आणखी एक सर्व्हिस पाळायची हौस कशाला? चार सर्व्हर झाले की बघा. आत्ता एपीसीयू घाला, म्हणजे मेमरीत डेटा ठेवणारं पीएचपीचं एक्स्टेंशन. त्याची मेमरी एफपीएमच्या सगळ्या वर्करना (प्रोसेसना) सामायिक असते. डिफॉल्ट ३२ एमबी, तुमची यादी त्यात कोपऱ्यात मावेल. 'एपीसीयू_एंट्री' वापरा: की (डेटा ज्या नावाने ठेवलाय ते नाव) असली तर डेटा देतो, नसली तर तुमचं फंक्शन चालवून भरतो, आणि तेवढ्यात बाकीच्यांना थोपवून धरतो. म्हणजे कॅशची मुदत संपल्या क्षणी सगळे एकदम डेटाबेसवर तुटून पडत नाहीत.

घाटमाथा:
वा! मग रोज पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने) भरून ठेवतो.

रात्रपाळी:
नाही जमणार. क्रॉन म्हणजे सीएलआय (कमांड लाइनवरून चालणारं पीएचपी), त्याची मेमरी वेगळी. तिथे भरलेलं एफपीएमला दिसतच नाही. शिवाय सीएलआयला एपीसीयू मुळात बंद असतं.

डोंबिवली_फास्ट:
क्रॉनच हवा असेल तर 'व्हार_एक्सपोर्ट'ने अ‍ॅरे पीएचपी फाइलमध्ये लिहा आणि इन्क्लूड करा. ऑपकॅश (पीएचपीचा कंपाइल केलेला कोड साठवणारा कॅश) ती मेमरीत ठेवतो, अनसीरियलाइझचा (साठवलेल्या रूपातून डेटा पुन्हा बांधण्याचा) खर्च नाही. एफपीएम रीस्टार्ट केलं की एपीसीयू रिकामं होतं, फाइल मात्र राहते. फक्त आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग रीनेम करा, नाहीतर कुणाच्या तरी हाती अर्धी फाइल लागेल.

रात्रपाळी:
हेही चांगलं. पण ऑपकॅशचं 'व्हॅलिडेट_टाइमस्टॅम्प्स' (फाइल बदलली का ते तपासणारी सेटिंग) बंद असेल तर नवी फाइल ठेवूनही जुनीच यादी दिसत राहील. होस्टिंगवाल्याला विचारून घ्या.

आणि 'क्वचितच बदलते' यावर विसंबू नका. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. नुसत्या मुदतीवर राहिलात तर बदल केल्यावरही मुदत संपेपर्यंत लोकांना जुनंच नाव दिसणार. अ‍ॅडमिनमध्ये सेव्ह दाबलं की त्याच कोडमध्ये एपीसीयूमधली ती की डिलीट करा. अर्जाच्या टेबलात जिल्ह्याचा आयडीच ठेवताय ना? नाव साठवत असाल तर कॅशिंग राहू द्या, आधी ते उरका.

घाटमाथा:
नावच साठवतोय. उरकतो.